टाइलच्या पाठीवरचं जपान

इंदूरच्या रामबागेतला आमचा वाडा मार्गशीर्षात पाडायला घेतला. देवघराच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर आठ रंगीत टाइल्स बसवलेल्या होत्या. सहा इंच चौरस, गुलाबी कमळात उभी लक्ष्मी, मागे हिरवं पाणी. लहानपणापासून आम्ही तिला 'विलायती लक्ष्मी' म्हणत आलो. आजोबांनी साहेबाच्या दुकानातून आणली असणार, अशी सगळ्यांची समजूत. गवंड्याने छिन्नीने हलकेच सोडवून पहिली टाइल माझ्या हातात दिली, ती भाचीने लगेच घेतली, नळाखाली धरली आणि जुन्या टूथब्रशने पाठीवरचा चुना घासायला सुरुवात केली. आधी खाचांची जाळी दिसू लागली, मग तिच्यात इंग्रजी अक्षरं: मेड इन जपान.

भाची बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकली. 1952 साली सुरू झालेला हा विभाग या विषयातला आपल्या देशातला जुना आणि नावाजलेला. आता तिला जपानी कलेची क्युरेटर व्हायचं आहे. ताई, म्हणजे तिची आई, काळजीत आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, मोडी वाचतो, होळकरशाहीचे कागद चाळण्यात माझी निवृत्ती चालली आहे. तेव्हा पोरीला समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या संध्याकाळी धुतलेली लक्ष्मी टीपॉयवर ठेवून आम्ही बसलो. बोलणं झालं ते जसं आठवतं तसं लिहितो आहे.

मी: मला एवढंच सांग, जपानीच का? आपल्या माळव्यात काही कमी आहे? बाघच्या लेणी घे. धार जिल्ह्यात, इथून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतो. अजिंठ्याच्या तोडीची चित्रं होती तिथे. भिंतींना ओल लागली, चित्रं झडत गेली, शेवटी उरलेली भिंतीवरून काढून जतन करावी लागली. तिथे माणूस नको का? तू घरचं सोडून सातासमुद्रापार चाललीस.

भाची: बाघचं नाव काढलंत ते बरं झालं, मामा. बाघच्या चित्रांच्या नकला कोणी केल्या?

मी: 1921 साली ग्वाल्हेर दरबाराने करवून घेतल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही मंडळी होती.

भाची: आणि त्यांच्या गुरूंना, अवनींद्रनाथांना, पाण्याच्या रंगाचे थरावर थर धुऊन चित्र करायची पद्धत कुठून मिळाली? 1903 साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोघे जपानी चित्रकार कलकत्त्यात येऊन राहिले, त्यांच्याकडून. पुढे आराइ काम्पो आले. त्यांनी जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात शाईचा ब्रश कसा धरायचा ते शिकवलं, आणि इकडे अजिंठ्याला येऊन नकला केल्या. म्हणजे बाघच्या भिंतीसमोर बसलेल्या हातांना जपानी ब्रशची सवय होती. त्या नकलांमधली कोणती रेघ बाघची आणि कोणती त्या सवयीची, हे सांगायला जपानी चित्र नीट पाहिलेला माणूस लागेल. तो आपल्याकडे किती ठिकाणी आहे?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अजिंठ्याकडे वळलो.

मी: मग आराइ काम्पोच्या त्या नकलांचं काय झालं?

भाची: टोकियोला नेल्या. 1923 च्या भूकंपात जळाल्या.

ताईने आतून विचारलं, सगळ्याच? भाचीने मान हलवली आणि दुसऱ्या आगीचं सांगितलं, होर्युजीच्या. नारा शहराजवळच्या या मंदिराच्या मुख्य दालनात सातव्या शतकाच्या अखेरीची भित्तिचित्रं होती. अजिंठ्याच्या बोधिसत्त्वांशी त्यांचं नातं बघताक्षणी जाणवतं, असं अभ्यासक कायम म्हणत आले. चित्रकार त्यांच्या नकला करत असतानाच्या दिवसांत, 26 जानेवारी 1949 च्या पहाटे दालनाला आग लागली. पुढच्याच वर्षी, 1950 साली, जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आपण 26 जानेवारीला झेंडावंदन करतो, त्या दिवशी जपानमधल्या देवळांच्या आवारात पाण्याचे पाइप लावून आगीची कवायत चालते. जळून काळ्या पडलेल्या त्या भिंतीसुद्धा त्यांनी टाकल्या नाहीत. मंदिराच्या कोठारात त्या आजही उभ्या आहेत.

मी: त्यांचं कौतुक मला आहेच. पण तू पोटापाण्याचं बोल. आपल्या देशात 'जपानी कलेचा अभिरक्षक' अशी जागा निघालेली मी वर्तमानपत्रात कधी पाहिली नाही. जपानी शिकून पुण्याला गेलीस तर कंपन्या दुभाष्याला चांगले पैसे देतात. पुण्यात घरटी एक जण जपानी शिकतो म्हणतात.

भाची: जागा नाही हे खरं आहे. मी आईला खोटं सांगितलेलं नाही. संग्रहालयातल्या जागा मुळात कमी, त्यात भरती वर्षानुवर्षं होत नाही. जपानमध्ये क्युरेटरला गाकुगेइ-इन म्हणतात, 1951 च्या संग्रहालय कायद्याने त्याची रीतसर पात्रता ठरवली आहे. आपल्याकडे तसा परवाना नाही. आणि भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, एन-पाचपासून एन-एकपर्यंत. मी तिसरीवर आहे. वरच्या पायरीला पोचले, जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, तर तिथे संशोधन करता येईल. त्यानंतरही आपल्याकडे कुणी मला फक्त जपानी दालन सांभाळायला ठेवेल असं नाही. शस्त्रं, नाणी, कापड, सगळं बघावं लागेल, आणि त्यात जपानी वस्तू माझ्या वाट्याला येतील.

मी: मग यात एवढी दहा-बारा वर्षं घालायची कशासाठी?

भाची: कारण वस्तू इथे आहेत, मामा. माणूस नाही म्हणून वस्तू थांबत नाहीत.

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमाने देतो, कारण इथेच माझा सूर थोडा बदलला.

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय 1922 साली उघडलं. सर रतन टाटा 1918 साली वारले, त्यांचा संग्रह तिथे आला, पुढे 1930 च्या दशकात सर दोराबजी टाटांचाही आला. त्यात चिनी-जपानी वस्तूंचा मोठा भाग होता. जहाज, सूत आणि पोलाद यांच्या व्यवहारातला पैसा आणि पूर्वेच्या बंदरांशी आलेला संबंध यांतून हा संग्रह उभा राहिला. आपल्या मराठी माणसांनी हे संग्रहालय वाढवलं, सदाशिव गोरक्षकर दोन दशकांहून जास्त त्याचे संचालक होते. हैदराबादचं सालारजंग संग्रहालयही आहे. आणि बडोदं तर आपलंच. सयाजीराव महाराज 1910 साली जपानला जाऊन आले.

भाची: बडोद्याच्या संग्रहालयाची गंमत मला तिथे शिकताना कळली. 1934 ते 1939 तिथले संचालक कोण होते? अर्न्स्ट कोन-वीनर. जर्मन ज्यू, पूर्व आशियाच्या कलेचे अभ्यासक. नाझी राजवट आली तसा त्यांना देश सोडावा लागला, आणि बडोदा सरकारने त्यांना जागा दिली. म्हणजे ज्या काळात बर्लिनमधून हा माणूस हाकलला गेला, त्याच काळात मराठ्यांच्या एका संस्थानात पूर्व आशियाची कला जाणणारा क्युरेटर होता. नव्वद वर्षं होत आली. तुम्ही म्हणता अशी जागा कधी पाहिली नाही. होती.

मला कोन-वीनर हे नाव ठाऊक नव्हतं. पण बडोद्याचं ऐकून मला इंदूरचं आठवलं, आणि ते दुखणं जुनं आहे.

मी: तुला माणिकबाग महाल माहीत आहे. यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियसकडून 1930 ते 33 मध्ये बांधून घेतला. खुर्च्या, दिवे, गालिचे सगळं त्या काळातलं युरोपचं अगदी पुढचं. शिल्पकार ब्रांकुसीचे पक्षी होते. आणि शेवट काय? 1980 साली सोदबीने मोंटे कार्लोला तिथलं सामान लिलावात काढलं. आज त्या इमारतीत कर खात्याचं कार्यालय आहे. 2019 साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने माणिकबागेवर मोठं प्रदर्शन भरवलं. इंदूरचा राजवाडा बघायला इंदूरकराने पॅरिसला जायचं! आपली वस्तू आपल्याला सांभाळता आली नाही आणि तू दुसऱ्याची सांभाळायला निघालीस. हे मला खटकतं, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली:

मामा, ते प्रदर्शन भरवणारी माणसं कोण होती? फ्रेंच. त्यांना कुणी विचारलं नसेल का, इंदूरचं कशाला, आपलं काय कमी आहे? कुणी तरी परकी माणसं वर्षानुवर्षं होळकरांच्या मागे लागली, दिव्याचा कारखाना शोधला, गालिचाची सही वाचली, म्हणून तो महाल निदान महिनाभर पुन्हा एका ठिकाणी आला. त्यांनी आपल्यासाठी केलं ते मी दुसऱ्यासाठी करायचं म्हणते आहे. यात आपलं सोडणं कुठे आलं?

(प्रदर्शन सप्टेंबर ते जानेवारी असं सुमारे साडेतीन महिने होतं, पण मी तिला थांबवलं नाही.)

मी विषय बदलून काम नेमकं काय असतं ते विचारलं. इथे ती खुलली. तिने शिकत असताना हाताळलेल्या आणि अभ्यासलेल्या वस्तूंबद्दल सांगितलं, आणि मला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

जपानी तलवार घ्या. पातं आरशासारखं, त्याला उघडा हात लावायचा नाही, त्याच्यावर तोंड करून बोलायचंसुद्धा नाही, श्वासातला दमटपणा पुरतो. पण मुठीतून पातं बाहेर काढलं की आतला दांडा काळा, गंजलेला. आपल्याकडचा उत्साही नोकर तो गंज चिंचेने घासून काढेल आणि आपण मोठं काम केलं असं समजेल. पण लोहाराची सही त्याच दांड्यावर छिन्नीने कोरलेली असते, आणि तलवार किती जुनी ते त्या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून ठरतं. गंज घासला की वय गेलं. तो पुन्हा कुणालाही आणता येत नाही.

शेजारच्याच कपाटात लाखकामाचा डबा असतो. आपण लाख म्हणतो खरं, पण ही किड्याची राळ नव्हे, उरुशी नावाच्या झाडाचा चीक. तो हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. म्हणून कारागीर तो डबा वाळवायला दमट कपाटात ठेवतो. पुढेही त्याला फार कोरडी हवा सोसत नाही, चरे पडतात, आणि उन्हाने चमक जाते. म्हणजे एकाच दालनात तलवारीला कोरडं हवं आणि डब्याला ओलसर. आपल्या इंदूरच्या वैशाखात डबा रडतो, मुंबईच्या श्रावणात तलवार. उकियो-ए म्हणजे लाकडी ठशांची रंगीत चित्रं, त्यांना तर उजेडच मोजून द्यायचा, पन्नास लक्सच्या आसपास, तोही काही आठवडेच. मग पुन्हा अंधारात, वर्षानुवर्षं.

भाची: आणि पेट्या! चहाचा वाडगा किंवा मूर्ती साध्या लाकडी पेटीत येते. झाकणावर कलावंत स्वतःच्या हाताने काय आहे ते लिहितो, सही-शिक्का करतो. ती पेटी म्हणजे वस्तूचा सातबारा. आपल्याकडे वस्तू कपाटात मांडली आणि पेटी अडगळीत गेली, वाळवी लागली, फेकली, असं किती वेळा झालं असेल. आणि जिथे पेटी राहिली तिथे झाकणावरचं वाचणारा नाही. ती अक्षरं कुझुशिजी, म्हणजे लपेटीची. आजचा शिकलेला जपानी माणूससुद्धा ती वाचू शकत नाही.

मी: म्हणजे मोडी.

भाची: म्हणजे मोडीच, मामा. तुम्हाला सांगायला नको, मोडी वाचणारे संपले की कागद कितीही जपून ठेवला तरी मुका होतो.

हे मात्र मला लागलं. दफ्तरखान्यात रुमाल सोडून बसलेला मी, आणि शेजारच्या खोलीत तसंच एक दफ्तर जपानी अक्षरांत बांधून पडलेलं. माझ्या दफ्तराला वाचक मिळावा म्हणून मी सरकारला पत्रं लिहितो. मग तिने त्या दफ्तराचं वाचन शिकू नये, हे कोणत्या तोंडाने म्हणू?

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला, आणि तो तिच्या बाजूचा ठरेल असं मला वाटलं होतं.

मी: बरं, निदान जपानमध्ये आपलंच किती आहे ते तरी जगाला दाखव. मी वाचलं आहे, उज्जैनचा महाकाल तिकडे दाइकोकू म्हणून पुजतात. सरस्वती बेन्झाइतेन झाली. गणपतीही गेला. आणि चौल! अलिबागजवळचं आपलं चौल. त्या बंदराच्या नावाने तिथे एका रेशमी कापडाला 'चाउ' म्हणत, सामुराईंच्या पायघोळ वस्त्रांना ते वापरत. पोर्तुगीज ते गोव्याच्या जहाजांतून नेत. कोकणातल्या गावाचं नाव क्योतोच्या विणकराच्या तोंडी! हे सांग लोकांना.

भाची: चौलचं सांगेन, आवडीने सांगेन, कारण ते व्यापाराचं आहे आणि नाव खरोखर तिथून आलेलं आहे. पण दाइकोकूचं तुम्ही म्हणता तसं सांगणार नाही.

मी: का?

भाची: इथून पंचावन्न किलोमीटरवर भस्मारती घेणारा महाकाल, आणि तिकडे तांदळाच्या पोत्यांवर बसून हातात मोगरी घेतलेला हसरा, गोल पोटाचा दाइकोकू. नाव तेच भाषांतरित झालं, 'मोठा काळा'. पण चीनमधून जाताना तो मठांच्या मुदपाकखान्याचा रक्षक झाला, जपानमध्ये त्यांच्या ओकुनिनुशी या देवात मिसळला, मग धान्याचा, धंद्याचा देव झाला. हजार वर्षांत त्यांनी त्याला स्वतःचा केला. हस्तिदंताच्या अंगठ्याएवढ्या नेत्सुकेवर तो कोरलेला असतो. नेत्सुके म्हणजे कमरपट्ट्याला पिशवी अडकवायचा मणी, किमोनोला खिसे नसत म्हणून. त्याच्या मागे दोरीची दोन भोकं असतात, ती वापरून गुळगुळीत झाली आहेत का ते बघायचं, नसतील तर तो बहुधा परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेला. हे सगळं सोडून मी पाटीवर 'हा मूळचा आपला महाकाल' असं लिहिलं, तर बघणारा खूश होईल आणि त्याने दाइकोकू पाहिलाच नाही असं होईल. दुसऱ्याच्या घरात जाऊन फक्त आपलाच फोटो शोधायचा, हे मला नको आहे. मला त्यांचं घर बघायचं आहे.

मला अपेक्षा होती की ती माझ्या या बोलण्याला टाळी देईल. तिने ते नाकारलं, आणि तिथेच माझी खात्री झाली की ही पोरगी या कामाची आहे. आपल्याकडे परदेशी कलेबद्दल लिहिताना अर्धा मजकूर 'हे आपल्याकडूनच गेलं' यात जातो. मीही तेच करत आलो. क्युरेटरला हा मोह आवरता आला पाहिजे.

टीपॉयवरच्या लक्ष्मीकडे मी पाहिलं.

मी: मग हिचं काय? ही कोणाची?

भाची: ही दोन्हीकडची. 1920-30 च्या दशकांत जपानचे कारखाने अशा टाइल्स हिंदुस्थानात पाठवत. आवाजी बेटावरच्या दान्तो कंपनीने तर आपल्या देवादिकांच्या काढल्या, बाजारात मिळणाऱ्या छापील चित्रांच्या धर्तीवर. तमिळनाडूतल्या चेट्टींच्या हवेल्यांत आहेत, गुजरात-राजस्थानात आहेत, आपल्याकडे आहेत. हे बघा, रेघा उठावाच्या आहेत, त्यामुळे भट्टीत रंग वितळले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. चेहरा बघा. लक्ष्मी आपली, पण डोळे काढणाऱ्या हाताने लक्ष्मी कधी पाहिली नव्हती. आणि पाठीवरच्या या खाचांच्या जाळीवरून कारखाना ओळखता येतो. म्हणून पाठ घासली मी. समोरून तुम्ही नव्वद वर्षं पाहत होतात.

मी: विलायती लक्ष्मी म्हणत होतो.

ताई बाहेर आली, टाइल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. जवळून पाहिलं तर लक्ष्मीच्या साडीच्या काठावर आपल्याकडची कोयरी नाही, काहीतरी लाटेसारखं आहे. ताई म्हणाली, "रोज फुलं वाहिली हिला, काठ कधी पाहिला नाही." एवढंच बोलली. पण काळजीचा तो सूर नव्हता.

माझं सगळं मत बदललं असं नाही. बाघसाठी माणूस हवाच, आणि तो आपल्या मुलांतून यावा असं मला आजही वाटतं. पण भाचीने बाघ करावं म्हणून जपान सोडावं, हे मी आता म्हणणार नाही. मी तिला एक अट घातली. ती जिथे कुठे काम करेल तिथली एक सूची तिने मराठीत लिहावी. उरुशी, नेत्सुके, कुझुशिजी यांना साधी मराठी पाटी मिळावी, इंग्रजी पाटीसमोर मान वाकडी करून उभं राहावं लागू नये. तिने कबूल केलं.

तिच्या सांगण्यावरून आता वाचकांना विनंती. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदं, पुणं, कोकण, कुठेही जुनं घर पाडायला काढलं असेल तर देवघरातल्या, ओसरीवरच्या, न्हाणीघरातल्या रंगीत टाइल्स घणाने फोडू देऊ नका. गवंड्याला कडेने छिन्नी लावायला सांगा, आधी भिंतीचा फोटो काढा, मग कोणती टाइल कुठली ते पाठीमागे कागदावर पेन्सिलीने लिहून चिकटवा. घरात जपानी चहाचे कप असतील तर तळाचा शिक्का बघा. 'निप्पॉन' असेल तर बहुधा 1891 ते 1921 मधला, 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्यातला, 1952 पर्यंतचा. जुनी तलवार असेल तर गंज घासू नका. आणि लाकडी पेटी, मग ती कितीही साधी दिसली तरी, टाकू नका.

आमच्या आठांपैकी सहा लक्ष्मी शाबूत निघाल्या. दोन तडकल्या, पण त्यांच्या पाठी वाचता येतात, त्या भाचीने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत.